पायाखालची ओल

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या उच्चारली जाते. बांधकामातील दगदग, उसनवारी, गवंड्यांच्या मिनतवाऱ्या आणि शेवटी होणारी वास्तुशांत एवढा सारा प्रपंच त्या म्हणीत सामावलेला आहे. परंतु वास्तुशांत झाल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात काय घडते, याविषयी ती मौन पाळते. नव्या रंगाच्या भिंतीवर जमिनीपासून हात-दीड हात उंचीपर्यंत एक काळपट पट्टा उमटतो. दुसऱ्या वर्षी तेथे लोणा धरतो आणि गिलाव्याचे पोपडे सुटू लागतात. तिसऱ्या वर्षी स्वयंपाकघरातील फरशी एका कोपऱ्यात बोटभर खचते, दार चौकटीत अडकू लागते आणि खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली तिरपी भेग छताच्या दिशेने वाटचाल करू लागते. घरधनी रंगाऱ्याला बोलावतो. रंगारी पोपडे खरवडतो, लांबी भरतो, 'वॉटरप्रूफ' म्हणून आणलेला महागडा रंग देतो आणि आपले पैसे घेऊन जातो. पुढल्या श्रावणात तो काळा पट्टा पुन्हा हजर असतो. 'आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी' या म्हणीचे याहून चोख उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

हा अनुभव कोणा एका गावाचा नव्हे. तरीही तो ज्या भागात अत्यंत स्पष्टपणे पाहावयास मिळतो, त्या भागाचा दाखला आज आम्ही घेत आहोत. गोव्याहून अनमोड घाट चढून रामनगर, लोंढा, खानापूर मागे टाकीत बेळगावकडे जाणाऱ्या प्रवाशाला शहराच्या वेशीपूर्वी झाडशहापूर, मच्छे आणि पिरनवाडी ही गावे लागतात. त्यांतील मच्छे हे मूळचे मराठी शेतकऱ्यांचे, भाताच्या शिवाराचे गाव. पुढे तेथे औद्योगिक वसाहत उभी राहिली. जवळच उद्यमबागेतील ओतकामाचे कारखाने होतेच. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ १९९८ साली स्थापन झाले व त्याचे 'ज्ञानसंगम' हे आवारही याच मच्छे गावाच्या हद्दीत आले. रोजगार आला, शिक्षण आले, त्यामागोमाग माणसे आली आणि माणसांना घरे हवी झाली. जुन्या मातीच्या, कौलारू घरांच्या जागी सिमेंटची घरे आली आणि शिवारातील खाचरांच्या जागी आखलेले भूखंड आले. लेथवर तीस वर्षे उभे राहिलेल्या कामगाराने भविष्यनिर्वाह निधीतून बांधलेली, धाकट्या भावाने थोरल्याच्या मदतीने उभी केलेली, निवृत्त शिक्षकाने पतपेढीचे कर्ज काढून पुरी केलेली ही घरे आहेत. ती खचणे म्हणजे केवळ विटा खचणे नव्हे. एका कुटुंबाची आयुष्यभराची पुंजी डोळ्यांदेखत मातीत रुतणे होय.

दुप्पट पाऊस, पण निम्म्या भेगा

किनारपट्टीवरील वाचकाला येथे एक सहज शंका येईल. गोव्यात आणि कोकणात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. बेळगाव शहराच्या परिसरात तो १,२०० ते १,३०० मिलिमीटरच्या घरात असतो. म्हणजे आमच्याकडे दुपटीहून अधिक पाणी पडते. तरीही आमच्याकडील शंभर वर्षांचे चिरेबंदी घर फारसे न तडकता उभे राहते आणि घाटमाथ्यावरील पाच वर्षांच्या घराला मात्र अंगठा जाईल एवढी भेग पडते, हे कसे?

याचे उत्तर आकाशात नाही, जमिनीत आहे. किनारपट्टीचा जांभा सच्छिद्र असतो. तो पाणी पितो, परंतु ते पोटात ठेवीत नाही, खाली सोडून देतो. मुख्य म्हणजे, पाणी प्याल्याने तो फुगत नाही आणि वाळल्याने आकसत नाही. बेळगावच्या दक्षिणेकडील पट्ट्यात जमीन एकजिनसी नाही. माळावर तांबडी मुरमाड जमीन आहे, तर ओढ्यानाल्यांच्या कडेच्या सखल शिवारात काळी चिकण माती आहे. ही काळी माती दख्खनच्या अग्निजन्य खडकाची झीज होऊन तयार झाली. तिच्यात 'मॉन्टमोरिलोनाइट' नावाचे एक खनिज असते. त्याच्या कणांची रचना पुस्तकाच्या पानांसारखी थरांची असते. पाणी मिळाले की ते पानापानांमध्ये शिरते आणि माती फुगते. पाणी आटले की ती आकसून जमिनीला हातभर खोल भेगा पडतात. ज्या गुणामुळे ती शेतकऱ्याची लक्ष्मी ठरते, त्याच गुणामुळे ती घरमालकाची वैरीण होते. वैशाखात ती पाया खाली सोडते, आषाढात तोच पाया वर उचलते. घराच्या कडेची माती लवकर भिजते व लवकर वाळते, मधली माती मात्र उशिरा. त्यामुळे घराच्या चारी बाजू सारख्या हलत नाहीत. एक कोपरा चढतो, दुसरा उतरतो, आणि त्या ओढाताणीत विटेची भिंत जेथे दुबळी असेल तेथे, म्हणजे दारे-खिडक्यांच्या कोपऱ्यांत, फाटते. वर्षानुवर्षे चालणारा हा श्वासोच्छ्वास कोणताही रंग थांबवू शकत नाही.

त्यात भर पडते ती भातखाचराची. भातखाचर म्हणजे काय, याचा विचार प्लॉट पाडणारा करीत नाही आणि घेणाराही करीत नाही. ज्या जमिनीत पाणी तुंबून राहील, तळाशी चिखलाचा घट्ट थर बसून ते झिरपणार नाही, अशी जमीन पूर्वजांनी बांध घालून, चिखलणी करून पिढ्यान्‌पिढ्या घडविली, तिचे नाव खाचर. पाणी धरून ठेवणे हाच तिचा धर्म. तिच्यावर चार डंपर माती ओतून, सीमेला दगड रोवून 'निवासी भूखंड' असा फलक लावला म्हणून तिचा धर्म बदलत नाही. बांध फुटतात, पाट बुजतात, वरच्या माळाचे पाणी खाली उतरणे मात्र थांबत नाही. ते आपली जुनी वाट शोधीत येते आणि आता त्या वाटेवर कोणाचे तरी देवघर असते. मच्छे ते हलगा या नियोजित वळणरस्त्यासाठी सुपीक शिवार जाऊ नये म्हणून शेतकरी वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवीत आले, ते भाताच्या दाण्यासाठी. पाण्याच्या वाटेचा विचार केला, तर नव्या वसाहतींतील रहिवाशांचेही हित त्याच शिवाराच्या रक्षणात गुंतलेले आहे.

आधी निदान, मग औषध

घराची ओल ही एकच व्याधी नाही, तीन निरनिराळ्या व्याधी आहेत आणि तिन्हींचे औषध वेगळे आहे. पहिली, खालून चढणारी ओल. दिव्याची वात जसे तेल ओढते, तशी वीट, दगड आणि चुन्याचा दर्जा जमिनीतील पाणी वर ओढतात. ही ओल बहुधा जमिनीपासून तीन-चार फुटांपर्यंत चढते, वर एक वेडीवाकडी पण सलग रेघ सोडते आणि क्षार मागे ठेवते. लोणा दिसला की ही व्याधी समजावी. दुसरी, बाहेरून शिरणारी ओल. वळचणीच्या पागोळ्या, फुटकी पन्हळ, न्हाणीघराची गळकी नळी किंवा शेजारच्या उंच केलेल्या अंगणाचे पाणी हे तिचे उगम. ती एका जागी डागासारखी दिसते आणि पावसाबरोबर वाढते-घटते. तिसरी, हवेतली ओल. बंद खोलीतील दमट हवा थंड भिंतीला किंवा फरशीला लागून तिचे पाणी होते. तिच्यासाठी भिंत फोडण्याची नव्हे, खिडकी उघडण्याची गरज असते.

यांतील भेद ओळखण्याचा एक सोपा उपाय आहे. वीतभर चौरस प्लास्टिकचा कागद भिंतीवर घट्ट धरून चारी बाजूंनी चिकटपट्टी लावावी आणि दोन दिवस तसाच ठेवावा. पाणी कागदाच्या खोलीकडील बाजूवर जमले तर दोष हवेचा. भिंतीकडील बाजूवर जमले तर दोष भिंतीचा किंवा जमिनीचा. चार आण्यांच्या या परीक्षेने हजारो रुपयांचा चुकीचा खर्च वाचू शकतो.

खालून चढणाऱ्या ओलीवर खरा उपाय जोत्याच्या वेळीच करावयाचा असतो. जोत्याच्या माथ्यावर, भिंत सुरू होण्यापूर्वी, दीड-दोन इंच जाडीचा दाट काँक्रिटचा पट्टा जलरोधक द्रव्य मिसळून टाकावयाचा व त्यावर डांबराचा हात द्यावयाचा, एवढीच ती गोष्ट. एकूण खर्चाच्या मानाने ती क्षुल्लक असते आणि म्हणूनच कंत्राटदार ती गाळतो. घर उभे झाल्यावर हा पट्टा घालणे अवघड, पण अशक्य नाही. भिंतीच्या तळाशी थोड्या थोड्या अंतरावर आडवी छिद्रे पाडून त्यांत पाणी झिडकारणारे रसायन मुरविण्याची पद्धत आज रूढ आहे. परंतु त्यापूर्वी पाण्याचा उगम तोडावा लागतो. भिंतीलगत साठविलेली माती, कुंड्यांची रांग आणि उंच केलेले अंगण जोत्याच्या माथ्याखाली उतरविल्याशिवाय कोणतेही रसायन फळास येत नाही.

येथे एका सार्वत्रिक चुकीकडे लक्ष वेधणे आम्हांस अगत्याचे वाटते. जुन्या मातीच्या, चिऱ्याच्या किंवा चुन्यातील भिंतीला ओल आली की तिला सिमेंटचा जाड गिलावा चढविण्यात येतो. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो. चढलेले पाणी त्यातून उडून जाते. सिमेंट ती वाट बंद करते. अडलेले पाणी मग नाहीसे होत नाही, ते आणखी वर चढते, किंवा मातीच्या भिंतीचा गाभा आतल्या आत मऊ करते. वरून घट्ट आणि आतून चिखल झालेली अशी भिंत कोणत्या रात्री मान टाकील, याचा नेम नसतो. जुन्या भिंतीला जुनेच औषध, म्हणजे चुन्याचा गिलावा, मानवते.

खचलेली फरशी

खचलेल्या फरशीची कथा याहून सरळ, पण अधिक लाजिरवाणी आहे. जोत्याच्या चार भिंतींमधील पोकळीत भराव घालावयाचा असतो. तो मुरमाचा हवा, सहा-सहा इंचांच्या थरांनी हवा आणि प्रत्येक थर पाणी मारून धुमसाने ठोकलेला हवा. प्रत्यक्षात पाया खणताना निघालेली काळी मातीच त्यात लोटली जाते. जुन्या घराचा राडारोडा, क्वचित सिमेंटच्या रिकाम्या पिशव्याही तिच्या सोबतीला जातात आणि त्यावर घाईने कोबा होतो. भराव पुढे आपल्या सवडीने बसतो आणि त्याच्यावरची फरशी अधांतरी राहते. लोखंडी कांबीने ठोकून पाहिले, तर पोकळ भागाचा आवाज ढबढब येतो. जेथे असा आवाज येतो, तेथे कोपरा थोडासा खचला आहे तोवरच फरशी उचलून, खालची माती काढून, मुरूम थराथराने ठोकून, दगडाची सोलिंग आणि काँक्रिट करून घेणे शहाणपणाचे. पोकळी लहान असेल तर छिद्रातून सिमेंटचे पातळ मिश्रण दाबाने सोडूनही काम भागते. परंतु खचण्याचे कारण फुटलेली मोरी किंवा गटाराची गळती असेल, तर आधी ती बंद केली पाहिजे; नाहीतर नवा भरावही त्याच वाटेने वाहून जाईल.

भिंतीच्या भेगेचेही तसेच. भेग दिसताच ती बुजविण्याची घाई करू नये. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी, मध्ये काचेची एक पातळ पट्टी आडवी चिकटवावी आणि उन्हाळा-पावसाळा असे एक वर्ष पाहावे. काच शाबूत राहिली तर भेग मेलेली आहे. ती खुशाल बुजवावी. काच तडकली तर घर अद्याप हलते आहे आणि उपचार भिंतीवर नव्हे, पायाशी करावयास हवा. काळ्या मातीतील घरासाठी त्यातला सर्वांत स्वस्त व परिणामकारक उपचार म्हणजे घराभोवती पाच-सहा फूट रुंदीचा, बाहेर उतार दिलेला पक्का कोबा आणि त्याच्या कडेने वाहते गटार. त्यामुळे पायाजवळची माती पावसात एकदम भिजत नाही आणि उन्हात एकदम वाळत नाही. तिचा श्वासोच्छ्वास मंदावला की भिंतीचीही सुटका होते. मोठी झाडे घरापासून आपल्या पूर्ण वाढीच्या उंचीइतकी दूर असावीत, कारण त्यांची मुळे उन्हाळ्यात पायाखालची माती शोषून घेतात. दारातले तुळशीवृंदावन मात्र निर्वेध राहू द्यावे. तिचा कोणत्याही पायाला उपद्रव नाही.

तळघराचा मोह

या संदर्भात तळघरांच्या नव्या हव्यासाविषयी दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलांकडे सहा महिने राहून आलेली मंडळी तेथील प्रशस्त तळघरांचे वर्णन करतात आणि ते ऐकून आपल्याकडेही तशी हौस उत्पन्न होते. परंतु तेथील तळघर हे हौसेतून जन्मलेले नाही. थंड प्रदेशात हिवाळ्यात जमीन गोठते व गोठताना फुगते, म्हणून पाया त्या गोठणाऱ्या थराच्या खाली न्यावा लागतो. एवढे खणलेच आहे तर ती जागा वापरावी, हा तेथला हिशेब. आणि तिथेही तळघरात पाणी साचते, ते उपसण्यासाठी खड्डा खणून पंप बसवावा लागतो. काही घरांखाली माणूस सरपटत जाईल एवढीच पोकळी ठेवतात. तिला हवेसाठी झरोके ठेवले की दमट प्रदेशांत तेच झरोके बाहेरची ओल आत आणतात, असा अनुभव आल्यावर आता अनेक ठिकाणी ती पोकळी प्लास्टिकच्या जाड थराने बंद करू लागले आहेत.

आपल्या पूर्वजांना जमिनीखालची जागा ठाऊक नव्हती असे नाही. देशावर धान्याची पेवे होती. परंतु ती उंच, कोरड्या, निचऱ्याच्या जागी खणली जात. किनारपट्टीवर तर तळघराची परंपराच नाही, कारण पावसाळ्यात येथे भूजल उंबरठ्यापर्यंत येते, हे बांधणाऱ्याला माहीत होते. त्याने खाली जाण्याऐवजी जोते वर उचलले. आज मात्र शहरांतून वाहनतळासाठी तळघरे खणली जातात आणि वाहनतळ म्हणून मंजूर झालेल्या जागी हळूहळू दुकाने, वाचनालये, शिकवणीवर्ग थाटले जातात. २७ जुलै २०२४ रोजी दिल्लीच्या जुन्या राजेंद्रनगरात अशाच एका तळघरात पावसाचे पाणी घुसून स्पर्धापरीक्षेचा अभ्यास करणारे तीन विद्यार्थी मृत्युमुखी पडले. तळघर हे घराचे अंग नसून पाण्याची खोली आहे, हे ती घटना सांगून गेली.

ज्ञान आहे, पोचत नाही

या साऱ्यावर उपाय नाही असे मुळीच नाही, आणि हाच खरा खेदाचा भाग आहे. भूमीची परीक्षा हा विषय आपल्या परंपरेला नवा नाही. सहाव्या शतकातील वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त हातभर खोल खड्डा खणून, निघालेली माती पुन्हा त्यातच भरण्याची कसोटी दिली आहे. माती उरली तर भूमी उत्तम, बरोबर पुरली तर मध्यम, कमी पडली तर त्याज्य. खड्डा पाण्याने भरून, शंभर पावले चालून परत येईपर्यंत पाणी किती आटते, हे पाहण्याचीही रीत तेथे आहे. वास्तुशास्त्राच्या नावाने स्वयंपाकघराची दिशा बदलण्यासाठी भिंती पाडणाऱ्यांनी या कसोट्या कधी केल्या आहेत काय? मुहूर्त पाहण्यास आमचा विरोध नाही. पण ज्या भूमीची आपण पूजा करतो तिचा स्वभाव जाणून न घेता तिच्यावर भार टाकणे, ही पूजा नव्हे. अर्थात, पाणी आटत नाही म्हणून काळ्या मातीला उत्तम ठरविण्याची चूक कोणी करू नये. या एका मातीला ती दुसरी कसोटी फसते. तिच्यासाठी आधुनिक कसोटी आहे आणि तीही तितकीच सोपी आहे. वाळवून, बारीक चाळलेली सारखीच माती दोन मापपात्रांत घेऊन एकात पाणी व दुसऱ्यात रॉकेल घालावे. रॉकेलात माती फुगत नाही. चोवीस तासांनी पाण्यातली माती रॉकेलातल्या मातीच्या दीडपट किंवा अधिक झालेली दिसली, तर त्या भूखंडावर साधा पाया घालणे धोक्याचे समजावे.

मग काय घालावे, याचेही उत्तर आपल्याच देशात सिद्ध झालेले आहे. रुडकी येथील केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठी तळाशी कांद्यासारखा फुगवटा असलेल्या काँक्रिटच्या खुंटांची पद्धत विकसित केली. असे खुंट किमान साडेतीन मीटर, म्हणजे सुमारे साडेअकरा फूट खोल नेले जातात. मातीचा ऋतूबरोबर चालणारा खेळ जेथे संपतो, तेथे ते पाय रोवतात. त्यांच्या माथ्यावरून जाणारी तुळई जमिनीपासून काही सेंटीमीटर अधांतरी ठेवतात. माती फुगली तर तिला फुगायला जागा मिळते आणि घर जागचे हलत नाही. मातीशी झगडण्याऐवजी तिच्या स्वभावाला वाव देणारी ही युक्ती आहे. मुंबईच्या आय.आय.टी.तील प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा जाड थर दाबून बसविला, तर खालच्या मातीचा जोर मोडतो, हे प्रयोगांनी दाखवून दिले. त्या संशोधनाचा उपयोग मलप्रभेच्या कालव्यांसाठी झाला. ही मलप्रभा बेळगाव जिल्ह्यातच, खानापूर तालुक्यातील कणकुंबीला उगम पावते. कालव्याला जे शहाणपण मिळाले ते त्याच जिल्ह्यातील घराला का मिळू नये?

हा प्रश्न मच्छ्यात अधिकच बोचतो. ज्या गावाच्या हद्दीत विश्वेश्वरय्यांच्या नावाचे तांत्रिक विद्यापीठ उभे आहे, त्या परिसरातील गवंड्याने मातीचा स्वभाव न जाणता पाया घालावा, यासारखा दैवदुर्विलास कोणता? विश्वेश्वरय्यांनी मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात आपली उमेदीची वर्षे काढली आणि खडकवासल्याच्या धरणावर १९०३ साली बसविलेल्या स्वयंचलित दरवाजांनी नाव मिळविले. पाणी कसे वागते, हे पाहून मग बांधणे, ही त्यांची रीत. ती प्रयोगशाळेच्या भिंतीआड राहिली आणि कुंपणाबाहेरच्या चरापर्यंत पोचली नाही, तर दोष विद्यार्थ्यांचा नव्हे. ज्ञान आणि गाव यांच्यामध्ये पूल न बांधणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

या अज्ञानाची किंमत केवळ रंगाच्या डब्यांत मोजली जात नाही. ऑगस्ट २०१९च्या अतिवृष्टीत बेळगाव जिल्ह्यात हजारो घरे पडली. पूर्ण पडलेल्या घराला पाच लाख रुपयांची मदत शासनाने जाहीर केली. ६ ऑक्टोबर २०२१ रोजी बेळगाव तालुक्यातील बडाल अंकलगी येथे पावसाने भिजलेल्या घराची भिंत कोसळून सात जण प्राणास मुकले. घर पडल्यावर पाच लाख देणाऱ्या शासनाकडे ते पडण्यापूर्वी भिंत तपासण्यासाठी पाचशे रुपयांची तरतूद नसावी, ही आपल्या कारभाराची शोकांतिका आहे. ओल आलेल्या भिंतीतून वीज उतरते, छताच्या वाशांना वाळवी लागते, बुरशीने लहान मुलांचा दमा बळावतो. हे मरण आणि हे आजार पंचनाम्यात येत नाहीत, एवढेच.

म्हणून आमच्या सूचना साध्या आहेत. घराचा नकाशा मंजूर करताना पंचायत रस्त्यापासूनचे अंतर पाहते, तशीच मातीच्या परीक्षेची चिठ्ठीही पाहावी. शेतीचा भूखंड करण्यास परवानगी देताना त्यातून वाहणाऱ्या पाण्याची जुनी वाट नकाशावर दाखविणे आणि ती मोकळी ठेवणे बंधनकारक करावे. विद्यापीठाने व अभियांत्रिकी महाविद्यालयांनी उन्हाळ्यात परिसरातील गवंड्यांसाठी मराठी व कन्नड या दोन्ही भाषांतून आठ-आठ दिवसांचे वर्ग भरवावेत. आणि मृगापूर्वी विद्यार्थ्यांच्या तुकड्या घेऊन गावातील जुन्या भिंती तपासाव्यात. एका भिंतीने जीव घेण्याआधी ती उतरविली गेली, तर त्याहून मोठे पदवीदान कोणते?

किनाऱ्यावरील आमच्या वाचकांनी हे सारे घाटावरचे दुखणे समजून निश्चिंत होऊ नये. आमचा जांभा आजवर आम्हांला सांभाळीत आला. पण आता आम्हीच त्याला सोडून खाली उतरत आहोत. डोंगर कापून काढलेली तांबडी माती भाताच्या मळ्यांत आणि खाजन जमिनींत ओतली जाते आणि त्यावर बंगले उठतात. खाजनाखालचा गाळ काळ्या मातीसारखा फुगत नाही, परंतु भाराखाली तो वर्षानुवर्षे दबत राहतो. मच्छ्याच्या घरमालकाला जी भेग पाचव्या वर्षी दिसली, ती आमच्याकडील त्या बंगल्यांना दहाव्या वर्षी दिसेल, इतकाच फरक. शिवाय सखल जमीन बुजली की तिच्यावरचे पाणी शेजारच्या जुन्या, निरपराध घराच्या जोत्याशी जाऊन उभे राहते. एकाच्या भरावाची ओल दुसऱ्याच्या भिंतीत चढते.

घराची भिंत बोलत असते. लोणा, पोपडा, खचलेली फरशी, अडकणारे दार ही तिची भाषा आहे आणि ती सांगते ती एकच गोष्ट: पाण्याची वाट अडली आहे, ती मोकळी करा. रंगाचा हात देऊन तिला गप्प करणे सोपे आहे. यंदा मृगाची पहिली सर आली की प्रत्येक घरधन्याने छत्री घेऊन आपल्या घराभोवती एक प्रदक्षिणा घालावी. पाणी कोठून येते, कोठे तुंबते आणि कोठे नाहीसे होते, एवढे डोळ्यांनी पाहावे. जेथे ते नाहीसे होते, तेथेच त्याच्या घराचा पाया आहे. देवाला घातलेल्या प्रदक्षिणेचे पुण्य केव्हा पदरी पडेल ते सांगता येत नाही. या प्रदक्षिणेचे फळ मात्र त्याच्या मुलाबाळांना त्याच छपराखाली मिळाल्यावाचून राहणार नाही.